आठ अक्षरांत मावेल तेवढं

विर्त्सूच्या धक्क्यावरून फेरी सुटली तेव्हा
बॅगेत होतं चकचकीत कोटेशन:
तीन वर्षांची वॉरंटी, दरमहा वर्गणी,
आणि मूहू बेटावरचा एक पत्ता, मिल्वी रांद, हातमोजे.
जुना संगणक काढायचा, नवा बसवायचा.
रात्रीच्या जेवणाला घरी.

तिची कार्यशाळा म्हणजे एके काळचा मेंढ्यांचा गोठा.
लोकरीचा तेलकट वास भिंतींनी अजून सोडलेला नाही.
विणायच्या यंत्राशेजारी तो बसलेला,
म्हाताऱ्याच्या दातासारखा पिवळट,
काळ्या पडद्यावर एकच हिरवी रेघ
लुकलुक, लुकलुक,
हुकमाची वाट बघत.

"याला विंडोज नाही," मी म्हणालो.
"गोठ्यालाही खिडक्या नाहीत," ती म्हणाली.
"मेंढ्यांचं काही अडलं नाही."

मग तिनं डी, आय, आर अशी तीन बटणं दाबली
आणि नक्षीमागून नक्षी सरसर वर गेली,
ट्यूलिप, चांदणी, कोंबड्याचा पाय,
सगळ्यांची नावं शेपटाशी तोडलेली.
आठ अक्षरांच्या वर नाव घेत नाही हा.
"उरलेलं आपण लक्षात ठेवायचं," मिल्वी म्हणाली,
जणू मीठ किती घालायचं ते सांगत होती.

मी लॅपटॉप उघडला.
"कृपया थांबा. अद्यतन सुरू आहे. अठरा टक्के."

तेवढ्यात तिनं अंडी उकळायला ठेवली
आणि त्या पिवळट पेटीला सांगितलं.
सहा मिनिटांनी ती टिटवीसारखी ओरडली.
फेरीचं वेळापत्रक तिच्यात, गिऱ्हाइकांच्या पंजांची मापं तिच्यात,
नाताळात फ्लॉपीची मोटर घरघरत पोल्का वाजवते,
अर्धा सूर चुकतो, तरी शेजारी नाचतात.
(एकोणीस टक्के.)

नात केर्तू शाळेतून आली, बूट न काढताच खेळायला बसली.
आजोबांनी लिहिलेला खेळ:
मेंढी म्हणजे नुसतं ओ हे अक्षर.
लांडगा म्हणजे डॉलरचं चिन्ह.
"तुम्ही लांडगा व्हा," ती मला म्हणाली.
अकरा वेळा हरलो.

राइनहोल्ड. नवऱ्याचं नाव तिनं बोटांवर मोजून दाखवलं,
त्यांच्या लिपीत बरोबर आठ.
"याच्यात पुरा मावला तो एकटाच."

आतली बॅटरी कधीच मेली आहे.
म्हणून रोज सकाळी तो विचारतो, आज तारीख कोणती?
बहुतेक दिवशी ती खरं सांगते.
कधीकधी सांगते, सात ऑक्टोबर शहाण्णव.
तो वाद घालत नाही.
दिवसभर त्याच तारखेच्या नक्ष्या साठवत राहतो.
त्या दिवशी काय झालं होतं, मी विचारलं नाही.
राईचा पाव होता, धुरावलेला मासा होता. खाल्ला.

चौसष्ट टक्क्यांवर इंटरनेट गेलं.
वाऱ्यानं कुठेतरी तार तोडली असेल.
माझं सगळं दुकान ढगात,
आणि ढग समुद्राच्या पलीकडे.
गोठ्यात मात्र सुया चालूच,
खटक-खटक, गुलाबी, नारिंगी, पुन्हा गुलाबी,
मूहूचा तो गुलाबी, जो बघताना डोळे जरा मिटावेच लागतात.

शेवटची फेरी चुकली नाही, एवढंच.
कोटेशनच्या पाठीवर मी तिची ऑर्डर लिहून घेतली:
फ्लॉपी, दहा, कुठल्याही रंगाच्या.
नाण्याएवढी बॅटरी?
"ती नको," ती म्हणाली. "त्याला विचारू दे."

निघताना तिनं माझा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली,
आकडे टाइप केले, नाव टाइप केलं.
कॉन्स्तान्तीन. आमच्या लिपीत दहा अक्षरं.
त्यानं आठ घेतली,
राहिलं कॉन्स्तान्त, म्हणजे न बदलणारा.
मी, ज्याला पगारच बदल विकायचा मिळतो!

उरलेली दोन अक्षरं खिशात घालून
डेकवर उभा राहिलो.
हात गार पडले होते.
मोजे पुढच्या आठवड्यात येतील, टपालानं.