साडेअठरा गुंठे

नगरपरिषदेच्या पाटीवर लिहिलंय: उद्यान.
जुन्या उताऱ्यावर मात्र पोटखराब.
शहाऐंशी साली साखळी ओढत मीच मोजलं होतं हे:
जांभ्याचा सडा, चार काजू,
आणि एक हद्दीचा दगड, कुणीतरी सरकवलेला.

आता रोज संध्याकाळी पावलांनी मोजतो.
एक फेरी दोनशे एकतीस.
गुडघा दुखत असला की दोनशे चाळीस.
जमीन वाढत नाही, पाऊल आखडतं.

फाटकातून डावीकडे खाडी,
उजवीकडे दर्या, कुंपणाच्या जाळीतून,
चौकटीच्या वहीत उतरवल्यासारखा.
मधे उंचवटा. पुरुषभरही नाही,
पण पाणी त्याला मानतं:
अलीकडे सांडलेलं गटारातून खाडीला जातं,
पलीकडचं कड्यावरून थेट दर्यात.
एवढ्याशा जागेत दोन खोरी!
हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तरी ठेकेदाराने सी-सॉ बसवला
नेमका त्याच रेषेवर.
तिथे कातळ जरा मऊ लागला, एवढंच.
खाडीच्या बाजूला नझमीन बसते,
दर्याच्या बाजूला तारींचा भार्गव.
तो जड. म्हणून ती बराच वेळ वरच,
पाय हलवत, दीपगृह बघत.

व्यायामाच्या यंत्रांना खारं वारं लागलंय, कुरकुरतात.
कुबलबाई बाजार उठला की येतात,
पाटी बाकाखाली सारतात,
लुगडं खोचून यंत्रावर चढतात.
"दिवसभर बसलंय, आता जरा चलतंय."
आणि चालत राहतात, तिथल्या तिथे,
मुशीचा वास सगळ्या बागेला देत.

काल लाडोबा माळ्याला म्हटलं,
नळी जरा इथे धर, अगदी इथे.
पाणी थबकलं, तांबडं झालं,
मग फुटलं: दोन बोटं इकडे, चार तिकडे.
सी-सॉ सोडून पोरं धावली.
नझमीनने चप्पल आडवी लावली,
सगळं पाणी खाडीकडे.
भार्गव चिडला. त्याने मातीचा बांध घातला.
चिखल, आरडाओरडा,
कुबलबाई यंत्रावरून खेकसल्या,
कुणाच्या बाजूने ते कळलं नाही.
"अण्णानू, काय बघतास ओ?" लाडोबाने विचारलं.
म्हटलं, काही नाही. गळती.

सातला शिट्टी. फाटकाला कुलूप.
एक चप्पल आतच राहिली.
नझमीन लंगडी घालत उतरली खाडीच्या वाटेने,
एकोणीस, वीस, एकवीस,
मोठ्याने मोजत.