यादीत नसलेलं

सत्तावीस पानांची यादी होती.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आमची अरबी,
टल्लकचं बोट आणि माझं बोट
एकाच ओळीवर येऊन भेटायचं.
नांगर दोन. पाणसुरुंग शून्य.
कढया अकरा, पैकी एक भोक पडलेली.
अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर खमसीन सुटलेला,
दातांत वाळू, कागदांवर विटा.

‘डनलिन’ पुसून ‘अल-नवरस’ लिहायचं होतं.
पक्षीच राहिला, मी म्हटलं, जात तेवढी बदलली.
टल्लक ऑर्कनीचा, ओठ न हलवता बोलणारा:
मुलगी सासरी जाते, नाव बदलायचंच.
आमच्याकडे नाही बदलत. माझी बायको
अजून कागदावर तिच्या बापाचीच आहे.
तो पहिल्यांदा हसला. मग मला खाली घेऊन गेला,
बॉयलरमागे, एक्केचाळिसाव्या फासळीपाशी.

नऊ नॉटच्या खाली आली की ठोकते.
तीन ठोके, दम, मग एक.
बेचाळीसच्या हिवाळ्यापासून. त्या रात्रीनंतर
पाइप बदलले, बोल्ट बदलले, माणसंही.
कोणत्या रात्रीनंतर, ते सांगितलं नाही.
दुरुस्त करू नका, एवढंच.
यादीत त्याला ओळ नव्हती.
मी सही केली.

तेरा वर्षं राबली आमच्याकडे.
तांबड्या समुद्रात हशीशवाल्यांचे पडाव हुडकले,
सफाजाच्या दीपगृहाला तेल पोचवलं,
एकदा एका मंत्र्याच्या मेहुण्याला
दोन दिवस बादलीत तोंड घालून बसवलं.
पोरं म्हणायची, ऐका, शनूदाचा इंग्रज ठोकतोय.
रंगावर रंग चढत गेला,
तरी सूर्य तिरपा झाला की नव्या नावाखालून
जुनी वेल्डिंगची अक्षरं सावली टाकायची.

मग तिला धक्क्याला बांधली, शिकाऊंना गाठी शिकवायला.
बॉयलर विझवला, पितळ उचकटून नेलं.
त्याच थंडीत कर्कवॉलहून पत्र आलं.
पानभर मेंढ्यांचे पाय, मुलीचं बाळंतपण,
शेवटी एक ओळ: ती अजून ठोकते का?

कंदील घेऊन उतरलो.
फासळीला कान लावून बसलो, बराच वेळ.
वर कोणी पोरगं चुकलेली गाठ सोडवत होतं.

घरी बायकोनं पदराच्या टोकानं
कानावरचा गंज पुसला.
ती नन्सच्या शाळेत शिकलेली.
मी तिला विचारलं,
दम घेणं, याला इंग्रजीत काय म्हणतात?