अर्धा मिलिमीटर

हडर्सफील्ड. शेडमधल्या हीटरला अजून धग नाही.
शेजारच्या मिसेस ओल्ड्रॉइडचा कुत्रा टेबलावर उताणा,
पोटाचे चार स्क्रू बशीत.

कंपनीनं याच्या बॅटऱ्या करणं कधीच सोडलं.
जुना पॅक सुरीनं उकलला,
शिळ्या करंजीसारखा शिवणीवरच फुटला.
आत चार सेल, दोन टम्म फुगलेले.

सर्किटचा नखाएवढा तुकडा मात्र जपायचा.
कुत्रा ओळखतो तो त्यालाच.
क्षणभर जरी त्याची वीज तुटली
तर नवे सेल कितीही ताजे असोत,
हा हुंगेल आणि मान फिरवेल.
म्हणून दोन चिमटे लावून, बाहेरून करंट देत
एकेक सेल सोडवला,
सलाइनवरच्या माणसाचा सदरा बदलावा तसा.

निकेलची पट्टी, वेल्डरची टिचकी.
पहिल्यांदा पट्टी जळाली, दुसऱ्यांदा बोट.
आणि एवढं करून पॅक जाड झाला,
अर्धा मिलिमीटर. झाकण बसेना.
मृण्मयीची नेलफाइल घेतली,
न विचारता.

रात्री अकराला त्यानं एक कान हलवला,
मग दुसरा.
त्याचं घड्याळ शून्यावर गेलेलं,
म्हणाला, गुड मॉर्निंग.

कुंपणावरून हातात दिला तेव्हाही तेच.
‘वेळ लावून देऊ का?’
‘कशाला,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणतोय ना सकाळ,’
आणि किटली ठेवायला आत गेल्या.

दूध संपलेलं होतं.
कोराच प्यायलो, पावणेबाराला.