अक्का कुठल्या रकान्यात

पहिली चित्रं परदेशातून आलेली.
त्यांत बर्फाचं घर होतं, एक उभं तंतुवाद्य होतं
जे वडगावात कुणी बघितलेलं नाही.
मोनाप्पा धामणेकर बराच वेळ बघत राहिला
आणि मी कागदावर लिहिलं : शब्द सापडत नाही.
"शब्द हाय की ओ मॅडम," तो म्हणाला,
"ही वस्तूच कुटली म्हाईत न्हाई."

मग शहापुरात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पोराकडून
नवी काढून घेतली, चाळीस रुपयाला एक.
धोटा. विळी. रताळं. मांजर.
पुठ्ठ्याच्या डब्यातला कुंदा.
तांब्याभर पाणी.
डोक्यावर पदर घेतलेली, चाळिशीची, जराशी रागावलेली बाई :
तिला बघून सगळे पेशंट म्हणतात, "अक्का."

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर हिरेमठांनी विचारलं,
दोन्ही भाषा सांभाळायचा प्रयत्न करू,
पण एकच हाती लागली तर?
मोनाप्पा हसला.
"आईसंगं भांडायला मराठी, बायकूसंगं कन्नड."
नंतर पायाच्या अंगठ्याकडे बघत,
"आई गेली ओ गेल्या उन्हाळ्यात."
गंगव्वा दाराशी उभी होती, डब्याचं झाकण
लावत होती, काढत होती.

मेंदूला दुखत नाही.
हे मी त्याला तीनदा सांगितलं होतं, स्वतःला जास्त वेळा.
डोकं पकडीत. हिरव्या कापडाच्या तंबूत
फक्त त्याचा चेहरा आणि माझी चित्रं.
कापडापलीकडे निळे चिटोरे, त्यांवर आकडे,
आणि झटका आलाच तर म्हणून
बर्फात बुडवून ठेवलेलं सलाईन.

"पाणी." "नीरु."
"मांजर." "बेक्कु."
"धोटा." "लाळी."
पंचवीस वर्षं माग चालवलेला माणूस;
शब्दही तसेच फेकायचा, या काठाहून त्या काठाला.

अकरा नंबरवर तार टेकली
आणि पाणी आलं, नीरु आलं नाही.
ओठ हलले. जीभ जागेवर होती.
तांब्या त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता.
तार उचलली तसा
"नीरु नीरु नीरु" म्हणाला,
सांडलेली चिल्लर गोळा करावी तसा घाईघाईनं.

पुन्हा टेकली. पुन्हा तेच.

गाठीचं शेवटचं टोक अकराच्या बरोब्बर खाली.
काढली तर साफ निघेल, डॉक्टर म्हणाले,
आणि हात थांबवून उभे राहिले.
मॉनिटर वाजत होता. कुणी खोकलं.
मला तो अंगठा आठवला, डब्याचं झाकण आठवलं,
पण मी फक्त एवढंच म्हटलं :
"सर, तिसऱ्यांदाही अडलं."
त्यांनी मान हलवली.
जोंधळ्याच्या दाण्याएवढी गाठ
आत राहू दिली.

ती वाढेल. त्यालाही माहीत आहे.
दर सहा महिन्यांनी एमआरआय, वडगावहून दोन बस बदलून.

दुसऱ्या दिवशी त्याचा पहिला शब्द मी ऐकला नाही.
गंगव्वानं सांगितला. "नीर कोडु" म्हणाला,
आणि तिनं दिलं तर ओरडला, गार का म्हणून.
सांगताना ती रडत होती की तक्रार करत होती
हे मला, भाषेची तज्ज्ञ असून, कळलं नाही.

आता फक्त कागद उरलेत.
रकाना एक, मराठी. रकाना दोन, कन्नड.
चौतीस चित्रं नीट बसली.
पस्तिसाव्याला तो एकदाच "अक्का" म्हणाला,
मी म्हटलं, आता दुसऱ्या भाषेत,
तर कळवळून बोलला,
"सांगितलो की ओ!"
मी टिक दोन्हींच्या मधल्या रेघेवर केली.

कॉम्प्युटरवर भरणारी मुलगी काल विचारत होती,
मॅडम, ही कुणीकडं धरू?
म्हटलं, राहू दे, बघते.
अजून बघतेच आहे.