खातरजमा

सिव्हिल लाइन्स, कोर्टाची मागची खोली.
मे महिना. कूलरमधलं पाणी संपलं की
आधी वाळ्याचा वास जातो, मग हवा.
समोर इंग्रजीतलं एक वाक्य,
त्यात एक क्रियापद, कडक इस्त्रीचं,
गळ्यापर्यंत बटणं लावलेलं:
असरटेन.

सदर इसम हयात आहे किंवा कसे,
हे असरटेन करावे.

घरात कोणी वापरत नाही हा शब्द.
वरणात मीठ आहे का, हे कोणी असरटेन करत नाही,
चाखतं.
कळमन्यात संत्र्यांच्या ढिगापाशी
हुंगतात, दाबतात, एखादं फोडूनच बघतात.
या शब्दाला हात नाहीत.
त्याला लागतो शिक्का, तारीख,
आणि मागे लोंबणारं "किंवा कसे".

बेलिफ निखारे तीनदा तांडापेठेत जाऊन आले.
शेरा: शोध घेतला. ठावठिकाणा नाही.
वासुदेव हेडाऊ, धंदा विणकाम.
नऊ वर्षांपूर्वी सायकलनं गांधीबागेत गेला
सुताच्या लडी आणायला.

मी शब्दकोशात बोट फिरवतो.
निश्चित करणे: कोरडं.
छडा लावणे: यात चोर असतो.
शहानिशा: हिला भांडणाचा वास.
खातरजमा.
खातर म्हणजे मन, फारसीतून आलेलं;
जमा म्हणजे गोळा.
सांडलेलं मन एका जागी गोळा होणं.
कोर्टाला हे अभिप्रेत आहे का?
विचारणार कोणाला, साहेब जेवायला गेलेत.

बाहेर बाकावर त्याची बायको, सुभद्रा,
डबा न उघडता मांडीवर धरून.
"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारतो.
"वाटाचं काय जी," ती म्हणते,
"मागावर धागा तुटला न,
तं डोळ्याले दिसत नाई.
बोटानं चाचपा लागते.
रोज चाचपतो मी.
टोक अजून हाती नाई लागलं."

आत येऊन मी लिहितो: खातरजमा करावी.
समासात, पेन्सिलीनं: चाचपावे.
मग खोडतो. रबर जुनं,
अक्षर पुसलं जात नाही, नुसतं पसरतं.

साडेचारला ती दाराशी.
"काय लिवलं जी?"
मी कागद तिच्याकडे फिरवतो.
तिला वाचता येत नाही.
ती ओळीवरून बोट नेऊ लागते,
आणि मी, काय बोलावं ते न सुचून,
म्हणतो, जपून,
शाई ओली आहे अजून.