उझी

डोमाजी शेंडे फोटो पाठवतात
नातवाच्या फोनवरून, रात्री आठनंतर,
म्हणजे जंगलातून उतरून आरमोरीच्या रस्त्याला
रेंज लागली की एकदम अकरा.

त्यातले सात नुसतेच ऐनाच्या पानांचे हिरवे डाग.
एकात अंगठा. एकात माशी आहे खरी,
पण मागून, आणि उडायच्या बेतात.

मी टेबलाशी बसून फोटो मोठा करते.
छातीवर चार काळ्या रेघा? आहेत.
पण त्या घरातल्या माशीलाही असतात.
पोटावर आडवे पट्टे, शेवटाला राठ केस.
पंखातली ती शीर कोपरासारखी वळते का पाहावं
तर नेमका तिथेच उन्हाचा कवडसा.
पाठीच्या टोकाखाली एक फुगीर उशी असते,
ती फक्त बाजूने दिसते,
आणि कुठली माशी बाजूने उभी राहते?

"बाजूनं काढा. जवळून. हात न हलवता."
"हाव," लिहितात. मग फोनच करतात.
"म्याडम, तुमी उशी पाहता, मी आवाज आयकतो.
अन् हे आली का अळ्या माना हालवतेत,
अख्ख्या फांदीच्या, एकदम,
नोको नोको म्हनल्यावानी."

फोटोत माना हलत नाहीत.
रजिस्टरात लिहिते: टॅकिनिडी कुळ. जात अनिश्चित.
'अनिश्चित' लिहिताना
पेन जरा जोरात टेकतं.

मागच्या हंगामात त्यांनी काडेपेटीतून एक पाठवली होती,
एसटीच्या कंडक्टरजवळ.
पोचेतो एक पंख गेलेला, पाय तीन.
सोबत एक कोसा, टोकाला भोक पडलेला.
पतंग निघतो ते भोक ओलसर, विस्कटलेल्या कडांचं.
हे गोल, कोरून काढल्यासारखं.
आत झोपलं होतं कोण
आणि बाहेर आलं कोण.

आज एकच फोटो.
फांदी, पानं, एक जाडजूड हिरवी अळी. माशी नाहीच.
"उडाली वाटतं," मी म्हटलं.
"उडाली."
फोन ठेवणारच होते, सवयीने बोटं पसरली,
अळीच्या मानेलगत, अगदी कडेला
तांदळाच्या चुरीएवढं पांढरं काही.

"डोमाजी, अंडं."
"मंग! माशीचा काढलोच नाही जी मी,
तिचं काम काढलो. पाहा,
यावरून नाव सांगता येते का."
मागून एक ट्रक गेला, बराच वेळ गेला.
"आणि ते अंडं?"
"फोटो काढलो, मंग नखानं काढलो."