नाव कमी केल्याचा दाखला

रेशनकार्ड. कोपरे झिजलेले,
मधल्या घडीवर ताईनं लावलेली चिकटपट्टी
आता तपकिरी.
पहिलं नाव बाबांचं. त्यावर निळी रेघ.

बाबा जिनात रेच्यावर होते.
खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले,
रुई गेली असंल घशात, पाणी प्या.
तेरवीला शेठचा माणूस आला.
"पोरीले आकडे येतात काय?"
बेबीनंदाला आकडे येत होते.
एकोणिसाव्या वर्षी ती काट्यावर बसली,
समोर बंड्यांची रांग, बैलांची शिंगं, बिड्यांचा धूर.
कोणी म्हणालं, बाई काय तोलणार,
तर मान वर न करता:
"उतरव. पुन्हा लाव."

पगार शनिवारी.
घरी आली की डबे खाली काढायची.
हळदीच्या डब्यात दिवाकरची फी,
मोहरीत पुष्पीच्या लग्नाचे,
माझ्या पुस्तकांचे मेथीदाण्यांखाली.
यवतमाळच्या कॉलेजातला कारकून
नोट नाकाशी धरून हसला होता म्हणे.
दिवाकरनं हे मला वीस वर्षांनी सांगितलं
आणि तेव्हाही तो चिडलेलाच होता.
ताईवर.

कारंज्याचा एक ग्रेडर यायचा हंगामात.
चिमूटभर कापूस बोटांत धरून
हळूहळू ओढायचा,
धागा किती लांब जातो ते पाहायचा.
दोन हंगाम तो काट्याशी जरा जास्तच थांबला.
आईला निरोपही आला.
ताई म्हणाली, "पुष्पीचं होऊ द्या आंधी."
मग म्हणाली, दिवाकर लागू द्या नोकरीले.
तिसऱ्या हंगामात त्यानं पत्रिका आणली,
शेठला एक, काट्यावर एक.
त्या दिवशी दोनशे बारा बंड्या तोलल्या तिनं.
रात्री मुनीमजीनं ताळा केला,
पावशेराचाही फरक नव्हता.
हे मला मुनीमजीनं सांगितलं.
ताईनं त्या रात्री आंबाडीची भाजी केली होती,
मीठ बरोबर होतं,
मला एवढंच आठवतं.

पुष्पी सासरी गेली.
तिकडच्या कार्डावर नाव चढवायचं
तर इथला दाखला लागतो, नाव कमी केल्याचा.
ताईनं अर्धी सुट्टी टाकली,
राळेगावची एसटी धरली.
दिवाकरला पुण्यात गॅस घ्यायचा होता.
पुन्हा अर्धी सुट्टी.
आईच्या वेळी मात्र पूर्ण घ्यावी लागली.

मग मी.
मला वाटायचं, पोस्टानं पाठवून देईल,
पण बाबू म्हणाला, सही समोर पाह्यजे.
तहसीलच्या खिडकीशी आम्ही दोघं उभे.
बाबूनं पट्टी ठेवली, पेन टेकवलं.
ताई वाकून म्हणाली,
"हळू मार रे रेघ. वाचता आलं पाह्यजे."
बाबू हसला. मीही हसलो,
मला लाज वाटली होती.
"आता कुटुंबप्रमुख कोण लिहू?"
तिनं मागं वळून पाहिलं,
जणू आमच्यातलं कोणी येऊन उभं असेल.
मी नजर घड्याळाकडे नेली.
नागपूरची गाडी दोन वाजता होती.

स्टँडवर तिनं मला भजी घेऊन दिली,
पैसे देऊ दिले नाहीत.
सुटे दोनदा मोजले,
आठ आणे कमी निघाले,
ते मागून घेतले.
गाडी हलली तेव्हा
खिडकीतून पुडकं आत आलं: मेथीदाणे.
वर एवढंच: "पोट सांभाळजो."

जिन बंद पडून आता सात वर्षं झाली.
काटा भंगारात गेला.
दिवाकर फोनवर म्हणतो, ताईचं पाहिलं पाहिजे,
मी म्हणतो, हो ना, पाहिलं पाहिजे,
पुष्पी म्हणते, माझ्याकडे एकच खोली.

परवा फाइल चाळताना तो दाखला सापडला.
शिक्का ठसठशीत, तारीख, माझं पूर्ण नाव.
मी तो कुठेच दिलेला नाही.
लागलाच नाही कधी.
साखर आम्ही किराणा दुकानातून आणतो,
रॉकेल माझ्या मुलांनी पाहिलेलं नाही.

त्या महिन्यापासून तिकडे वाढोण्यात
एका माणसाची साखर मिळू लागली.